व्हिडिओ झाला, उत्तर कोण देणार?

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे हल्ली वाद होतच नाही. निकाल आधीच लागलेला असतो. कोरोनाची दोन वर्षे बघितलीत ना, मुलांचे वाटोळे झाले, आणखी काय पुरावा हवा? शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हाच सूर. त्याच वेळी सरकारी बैठकांत आणि विद्यापीठांच्या परिषदांत नेमका उलटा सूर लागतो: एका उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान एकदा चित्रित करा, लाखो मुलांना दाखवा, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची कटकट मिटली. हे दोन पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात. माझे म्हणणे असे, की दोघांची चूक एकच आहे. शिकवणे म्हणजे बोलणे आणि शिकणे म्हणजे ऐकणे, हे दोघांनीही न तपासता धरून ठेवले आहे.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार. त्यांचा पुरावा खोटा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरे १५ टक्क्यांच्या आतच होती. अशा देशात मार्च २०२० मध्ये शाळा एकाएकी मोबाइलवर नेली गेली. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर. तो घरी येईपर्यंत व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चार विषयांचे पीडीएफ येऊन पडलेले. कोकणात रेंजसाठी मुले डोंगर चढत होती. ग्रामीण मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. हे नुकसान नाकारणारा माणूस एक तर आंधळा किंवा विक्रेता.

पण याच आकड्याकडे जरा नीट बघा. २०१८ साली शाळा उघड्याच होत्या. फळा होता, खडू होता, समोर हाडामांसाचे गुरुजी होते. तरीही शंभरातल्या बहात्तर-त्र्याहत्तर मुलांना एक यत्ता खालचा मजकूर वाचता येत नव्हता. वीस टक्क्यांवरून ऑनलाइनला फाशी द्यायची, तर सत्तावीस टक्क्यांबद्दल वर्गाला किमान समज तरी द्या.

आणि त्या दोन वर्षांत जे चालले, ते काय होते? तास सुरू. ‘आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ मग पाऊण तास वर्गातलेच व्याख्यान, त्याच वहीवरून. कॅमेरे बंद, नुसती नावांच्या चौकटींची काळी पाटी. ‘काही शंका?’ शांतता. मग एकदम साठ-सत्तर ‘थँक्यू सर’ आणि तास संपला. हा वर्गातलाच तास होता, फक्त त्यातून वर्ग काढून घेतलेला. शिक्षकांना मी दोष देत नाही. त्या संकटात दुसरे काही करायला उसंत नव्हती, आणि कित्येक शिक्षक तर वाड्यावस्त्यांवर जाऊन झाडाखाली शिकवत होते. पण हा प्रयोग ऑनलाइन शिक्षणाचा होता, असे म्हणणे चुकीचे आहे.

मायकेल मूर या अभ्यासकाने १९७०च्या दशकात दूरशिक्षणाचा सिद्धांत मांडायला घेतला, तेव्हा त्याने अंतर मैलांत मोजायचे नाकारले. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती, आखणी किती ताठर, यावर अंतर ठरते, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयात प्रथम वर्ष वाणिज्यच्या सव्वाशेच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसा. मूर काय म्हणतो ते पुस्तक न उघडता कळेल.

आता दुसरा पक्ष. त्यांची तब्येत जरा अधिक विचारली पाहिजे, कारण पैसा आणि अधिकार त्यांच्याकडे आहेत. २०११ साली सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी ऑनलाइन खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव घातले. पूर्ण केला तो साधारण २३ हजारांनी. पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स अशा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि आता विद्यापीठे ओस पडणार अशी हवा झाली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीच्या मदतीने बीजगणित, संख्याशास्त्र असे पायाभूत विषय चालवले. पहिल्या सत्रात निम्म्याहून अधिक विद्यार्थी नापास. जुलैत प्रयोग थांबवला. उन्हाळी सत्राचा निकाल बरा लागला खरा, पण त्या वर्गातल्या पुष्कळांच्या खिशात आधीच पदवी होती. म्हणजे ज्याला शिकायचे कसे हे ठाऊक आहे, त्याला व्हिडिओ पुरतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला पुरत नाही. वर्ष संपता संपता युडॅसिटी उभारणाऱ्या खुद्द थ्रननेच आपला माल सुमार असल्याची जाहीर कबुली दिली.

रिचर्ड क्लार्क या शिक्षणसंशोधकाने १९८३ मध्येच बजावले होते की माध्यम म्हणजे वाणसामान पोचवणारी गाडी. गाडी बदलून पोषण बदलत नाही. मला हे अर्धेच पटते, कारण काही माल काही गाड्यांतच टिकतो. त्याच क्षेत्रातल्या रॉबर्ट कोझ्माने पुढे क्लार्कशी याच मुद्द्यावर वाद घातला. पण रिकाम्या जागा व्हिडिओने भरू पाहणाऱ्यांना हे अर्धे सत्यसुद्धा पुष्कळ आहे.

मग खरे ऑनलाइन शिक्षण कशाला म्हणावे? मागे, १८४० कडे चला. ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमनने लघुलेखन टपालाने शिकवायला घेतले. पाठ छापून वाटणे त्या काळीही नवे नव्हते. नवे होते ते उलट टपाल: विद्यार्थ्याने सराव लिहून पाठवायचा, पिटमनने तपासून परत धाडायचा. १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेणाऱ्या ब्रिटिश ओपन युनिव्हर्सिटीचे दूरदर्शनवरचे कार्यक्रम गाजले, पण तिचा कणा ट्यूटरने तपासलेले गृहपाठ हा. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक ट्यूटर, आणि त्या ट्यूटरच्या शेऱ्यांचीही नमुना तपासणी. तपासणाऱ्याला तपासणारे किती वर्ग तुम्ही पाहिलेत? नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, तेव्हा तिथेही स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांना अभ्यासकेंद्राची आणि समंत्रकाची, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाची, जोड होती. अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन अध्ययनाची जी चौकट मांडली, ती संगणकावरच्या निव्वळ लेखी चर्चेच्या आधारे. त्यात व्हिडिओ नव्हता; शिक्षकाची उपस्थिती मात्र होती.

ती उपस्थिती दिसते कशी, ते एका उदाहरणात सांगतो. −२क्ष < ६ हे विद्यार्थिनीने सोडवले आणि उत्तर लिहिले, क्ष < −३. आपोआप तपासणारी चाचणी म्हणते: चूक, योग्य पर्याय ‘ब’. ती ‘ब’ लक्षात ठेवते आणि पुढे जाते. माणूस तपासतो तेव्हा लिहितो: ‘क्ष = ० घालून बघ. मूळ विधान खरे ठरते, तुझे उत्तर का ठरत नाही? −२ ने भागताना चिन्हाचे काय केलेस?’ ती रात्री दहाला, घरातले आवरून झाल्यावर, पुन्हा बसते, चिन्ह उलटवते आणि उलट विचारते, ‘पण असे का होते?’ भरल्या वर्गात हा प्रश्न तिने हात वर करून विचारला नसता. लेखी, सावकाश, दुसऱ्यांच्या नजरा चुकवून विचारता येणे ही या माध्यमाची खरी देणगी. नोकरी करणाऱ्यांना, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्यांना, खेड्यात राहणाऱ्यांना ती मिळाली पाहिजे. पहिली-दुसरीच्या पोरांना नको, आणि वर्कशॉप किंवा नर्सिंगचे हातचे काम पडद्यावरून शिकवण्याचा आग्रहही नको.

पण हे स्वस्तात होत नाही. शेरा लिहायला वेळ लागतो, वेळेला पगार लागतो. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून करायला मुभा दिली आहे. ‘स्वयम्’वर चांगली व्याख्याने आहेत, मी ती ऐकतो. मात्र ज्या महाविद्यालयांत निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, तिथे ही मुभा जागा न भरण्याची पळवाट होईल, ही भीती अनाठायी नाही.

तेव्हा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना व्हिडिओ किती तास आहेत, हे विचारू नका. दोनच गोष्टी विचारा: किती विद्यार्थ्यांमागे एक समंत्रक आहे, आणि माझा गृहपाठ शेऱ्यांसह किती दिवसांत परत येईल? लेखी उत्तर मिळाले नाही, तर फी भरू नका.