मोठे चाक आणि खात्याची दुसरी बाजू

एक रक्कम जमेला लिहिली की तिची जोड नावेच्या बाजूला शोधावी लागते, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. जोपर्यंत ती जोड सापडत नाही, तोपर्यंत वही मिटता येत नाही. यंत्रांनाही हाच नियम लागू आहे. वाहनाचा एक भाग बदलला की त्याची जोडनोंद दुसऱ्या कोणत्या तरी भागात होतेच. मालकाने ती लिहिली नाही, तर रस्ता लिहून घेतो. तीन चाकांच्या मोटारसायकलीला कारखान्याहून मोठी, खास घडविलेली चाके बसविण्याचा छंद हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

भारतात तीन चाके म्हटली की रिक्षा डोळ्यांसमोर येते: पुढे एक चाक, मागे दोन. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट या गावी मुख्यालय असलेल्या बीआरपी या कंपनीने २००७ साली ‘कॅन-ॲम स्पायडर’ हे वाहन लोकांपुढे आणले, त्याची रचना नेमकी उलटी आहे. पुढे दोन चाके, मागे एक. बसणे मात्र मोटारसायकलीसारखे, खोगिरावर पाय टाकून. वळणावर दुचाकी आत कलते, हे वाहन कलत नाही. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमांनुसार खोगिरावर बसून चालविण्याचे, जास्तीत जास्त तीन चाकांवर धावणारे वाहन मोटारसायकलच ठरते. त्यामुळे मोटारीत सक्तीच्या असलेल्या एअरबॅगसारख्या सोयी त्यात असाव्यात असे बंधन नाही. लांबच्या प्रवासासाठी बनविलेल्या प्रकाराचे वजन चारशे किलोंहून अधिक भरते आणि त्यावर चालकामागे आणखी एक माणूस बसतो. हिशेबात चूक झाली तर ती या दोघांच्या अंगावर येते.

मोठ्या चाकांची हौस समजण्यासारखी आहे. मोठी, चकचकीत रिम आणि तिच्याभोवती पातळ टायर असला की वाहन उठून दिसते. तथापि ‘मोठे चाक’ या दोन शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: रिम मोठी होणे आणि संपूर्ण चाक मोठे होणे. त्यांतील भेद टायरवर छापलेल्या आकड्यांत दिसतो.

समजा, टायरवर ‘१६५/६५ आर १४’ असे लिहिले आहे. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १४ हा रिमचा व्यास, इंचांत. आता हिशेब सोपा होतो. १६५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २१४.५. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ५७०.१ मिलिमीटर. हा संपूर्ण चाकाचा व्यास.

स्पायडरची पुढची चाके सुरुवातीला याच मापाची होती. २०१३ सालच्या नमुन्यांपासून कंपनीने स्वतःच रिम चौदा इंचांवरून पंधरा इंचांवर नेली आणि टायर ‘१६५/५५ आर १५’ या मापाचा दिला. त्याचा व्यास याच पद्धतीने काढला तर ५६२.५ मिलिमीटर येतो. रिम एक इंचाने वाढली, पण संपूर्ण चाक आठ मिलिमीटरांच्या आतच बदलले, तेही घटले. रिममध्ये वाढलेली जागा मोठ्या ब्रेक-डिस्कला उपयोगी पडली आणि टायरची भिंत तेवढी आखूड करण्यात आली. एका बाजूला जमा केलेले दुसऱ्या बाजूला नावे टाकून ताळा जुळविण्याची ही रीत आहे.

हौशी मालक पुढे सतरा इंचांची रिम बसवू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग ‘१६५/४० आर १७’ अशा मापाचा. त्याचा व्यास ५६३.८ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळच्या जवळजवळ बरोबर. व्यासाचा ताळा जुळला, पण नोंद दुसरीकडे पडली. टायरची भिंत सुमारे ९१ मिलिमीटरवरून ६६ वर आली. ही भिंत आणि तिच्या आतील हवा खड्ड्याचा पहिला आघात सोसते. ती कमी झाली की तो आघात रिमवर आणि पुढे बेअरिंगवर जातो. हवेचे आकारमान घटल्याने त्याच दाबाला टायर भारही कमी पेलतो. म्हणून टायरवर मापापुढे छापलेला भारांक पाहिल्याशिवाय तो विकत घेणे म्हणजे तारणाची किंमत न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग भिंत तेवढीच ठेवून रिम दोन इंचांनी वाढविण्याचा. मग संपूर्ण चाकाचा व्यास ६१३.३ मिलिमीटर होतो. वाढ केवळ ५१ मिलिमीटरांची दिसते, पण टक्केवारीत ती नऊ आहे आणि ती अनेक खात्यांवर पडते.

पहिले खाते ब्रेकचे. पायाने पेडल तितक्याच जोराने दाबले, तरी चाकाची त्रिज्या वाढल्याने रस्त्यावर लागणारा रोधक जोर सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. रिम जड असेल तर ते फिरते वजन थांबविण्याचे काम वेगळेच.

दुसरे खाते मोजमापाचे. वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. ज्या चाकावरून वेग मोजला जातो ते नऊ टक्क्यांनी मोठे झाले, तर काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता वाहन प्रत्यक्षात ६५ च्या पुढे धावत असते. दहा हजार किलोमीटरांची नोंद झाली तेव्हा वाहन सुमारे १०,९०० किलोमीटर धावलेले असते आणि तेल बदलण्याची, पट्टा तपासण्याची वेळ टळून गेलेली असते.

तिसरे खाते संगणकाचे, आणि स्पायडरच्या बाबतीत तेच सर्वांत नाजूक. हे वाहन वळणावर कलत नसल्याने त्याला उलटण्यापासून सावरण्यासाठी कंपनीने स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविली आहे. ती तिन्ही चाकांच्या फेऱ्यांची तुलना सतत करीत असते. एखादे चाक घसरू लागले की ती इंजिनाची शक्ती कमी करते किंवा ठरावीक चाकाला ब्रेक लावते. फक्त पुढची चाके मोठी केली, तर सरळ रस्त्यावरही ती मागच्या चाकाच्या तुलनेत पूर्वीपेक्षा आठ टक्के कमी फेरे घेतात. यंत्रणेला त्यातून मागचे चाक घसरत असल्याचा भास होऊ शकतो. खोट्या नोंदींवरून निर्णय घेणाऱ्या हिशेबनिसासारखी तिची अवस्था होते, आणि खरोखर घसरण्याच्या क्षणी तिच्यावर विसंबता येत नाही.

चौथे खाते तोलाचे. चार चाकांचे वाहन चौकोनावर उभे असते, तीन चाकांचे त्रिकोणावर. वळणावर ते उलटायचे झाले तर बाहेरचे पुढचे चाक आणि मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटते, आणि ही रेषा मागे अगदी मध्याला येऊन मिळते. मोठ्या चाकांनी पुढचा आस सुमारे २५ मिलिमीटर वर जातो. भार तितका उंचावतो आणि सुकाणूचा मूळ कोनही बदलतो. रिमचा ऑफसेट बदलून चाके बाहेर काढली, तर पाया रुंद होतो खरा, परंतु बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो आणि हँडल खड्ड्यागणिक हातात ओढ घेऊ लागते.

म्हणून घरातील तरुणाने असा बेत पुढे ठेवला, तर नुसता नकार देण्यापेक्षा काही प्रश्न कागदावर मांडणे हितावह आहे. संपूर्ण चाकाचा नवा व्यास किती, आणि तो मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत आहे काय? टायरचा भारांक आणि वेगांक मूळच्याइतका किंवा अधिक आहे काय? रिमचे मधले भोक हबवर नेमके बसते, की मोकळे राहते? हँडल पूर्ण वळवून आणि दोघे जण बसून पाहिले असता टायर मडगार्डला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना? नट ठरावीक जोराने, मोजमापी पान्याने आवळले आणि पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आत पुन्हा तपासले काय? या पाचही प्रश्नांना ज्या दुकानात लेखी उत्तर मिळते, तेथेच पैसे मोजावेत.

विम्याची नोंद राहूनच जाते. बदल विमा कंपनीला लेखी कळविला नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. भारतात तर कायदाच आडवा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परदेशी तीनचाकी येथे विरळ असली, तरी बुलेटला आणि जीपला मोठी चाके बसविणारे तरुण गावोगावी आहेत. व्यासाचे गणित त्यांच्यासाठीही तेच आहे.

हौस करू नये, असे यातून निघत नाही. कारखान्यानेही रिम वाढविलीच. फक्त वाढविताना टायरची भिंत, ब्रेक आणि व्यास यांचा एकत्र विचार केला. दोन्ही बाजू लिहून झाल्यावरही जी हौस टिकते, ती खुशाल पुरवावी. एकच बाजू लिहिलेली वही मात्र मुनीमजींच्या हातात द्यायची नसते, आणि तशा वाहनावर मागे कोणाला बसवायचे नसते.