आमदारकी : साधन की मुक्काम?

प्रा. एन. डी. पाटील यांचे १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात निधन झाले, तेव्हा त्यांना श्रद्धांजली वाहण्यात सर्व पक्षांची अहमहमिका लागली. ज्यांच्या धोरणांविरुद्ध ते हयातभर झगडले, त्यांनीही ‘तत्त्वनिष्ठ’ हे विशेषण मुक्तहस्ते उधळले. माणसाला एकदा देव्हाऱ्यात बसविले की त्याच्या वाटेने चालण्याची जबाबदारी टळते. ही युक्ती जुनीच आहे.

त्यांच्या संसदीय कारकिर्दीचा हिशेब थोडक्यात मांडता येतो. शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६० पासून तीन मुदतींत मिळून १८ वर्षे विधान परिषद. १९७८ ते १९८० पुलोद मंत्रिमंडळात सहकार खाते. १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार. रूढ मापाने पाहता ही कारकीर्द १९९० सालीच आटोपली.

परंतु रायगडातील २२ गावांच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध कंबर कसली, आणि २००८ साली शासनाला तेथे जनमत अजमावावे लागले, तेव्हा त्या लढ्याच्या अग्रभागी एन. डी. होते. कोल्हापूर शहरातील रस्ते खासगी कंपनीकडून करवून घेऊन नागरिकांवर टोल लादण्यात आला, तेव्हाही ऐंशी ओलांडलेला हाच माणूस मोर्च्याच्या पुढे चालला. २०१५ च्या अखेरीस शासनाला टोलमुक्ती जाहीर करावी लागली. विधिमंडळात शहराचे प्रतिनिधी होते. पण निर्णय हलला तो रस्त्यावर.

यावर व्यवहारवादी म्हणतात, सत्तेवाचून सारे व्यर्थ! मग एन. डी. यांनी सत्ता कधी नाकारली? त्यांनी परिषद स्वीकारली, मंत्रिपद स्वीकारले, निवडणूकही लढविली. मात्र खुर्ची हे त्यांनी चळवळीचे अवजार मानले, मुक्काम नव्हे. चळवळीचे बळ पाठीशी नसलेला आमदार ठेकेदारांचा मध्यस्थ तेवढा उरतो. आज तिकिटासाठी पक्ष बदलणाऱ्यांची रांग पाहिली म्हणजे यास निराळा पुरावा नको.

तथापि डाव्या कार्यकर्त्यांनी आपल्या पदरातील माप तपासलेच पाहिजे. टोलसाठी ज्या जनतेने एन. डी. यांना हाक मारली, तीच जनता मतपेटीपाशी साखरसम्राटांकडे आणि धनवंतांकडे वळत राहिली. दोष मतदाराचा नव्हे. एका वृद्ध नेत्याच्या खांद्यावर सारा भार टाकून, मोर्चा पांगताच घरी परतणाऱ्या संघटनेचा तो दोष आहे. पेठापेठांत, गावोगाव, ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांत बारमाही काम उभे राहिले नाही, तर आदराचे रूपांतर मतांत व्हावे कसे?

एन. डी. यांचे स्मारक उभारायचेच असेल तर ते तेथे उभारावे. त्यांच्या तसबिरीला हार घालायला विरोधकही सिद्ध आहेत. त्यांचे अपुरे काम मात्र विरोधक करणार नाहीत.