कटर आमच्या हातात, बोटे कुणाच्या हिशेबात?

अर्धापूर तालुक्यात केळी बारमाही, पण हळदीचा हंगाम ठरलेला. जानेवारी ते मार्च या काळात हळद निघाली की ती शिजवावी लागते आणि शिजवायला जळण लागते. मग बांधावरची बाभूळ, वाळलेला कडुलिंब, वादळात उन्मळलेली चिंच यांना अचानक मोल येते. केळीचे खोड विळ्यानेही कटते, चिंचेचे कटत नाही. पूर्वी त्यासाठी कुऱ्हाड होती आणि दोघांनी ओढायची करवत होती. आता विजेवर चालणारी साखळीची करवत आली आहे. गावात तिला नुसते 'कटर' म्हणतात. मोबाईलवर मागवले की काही दिवसांत घरपोच येते. सोबत इंग्रजी पुस्तिका येते, ती खोक्यातच राहते. यंत्र मालकाच्या घरी येते, पण ते चालवायला मालकाचा मुलगा पुढे होत नाही. हाक जाते ती वस्तीकडे.

गावकीच्या काळात लग्नकार्याची लाकडे फोडायला कुणाला बोलावत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कुऱ्हाड गेली, कटर आले. हाकेची दिशा मात्र बदलली नाही.

काही वर्षांपूर्वी याच भागातील एक पंचविशीचा तरुण आमच्याकडे आला. डाव्या हाताची तीन बोटे नव्हती. उजव्या हातात कटर आणि डाव्या हाताने फांदी धरलेली. फांदी फिरली आणि हात साखळीवर गेला. मालकाचे म्हणणे दोनच वाक्यांचे होते. एक, हा आमचा कामगार नव्हताच, अर्धे लाकूड त्याने न्यायचे एवढेच ठरले होते. दोन, मशीनचा गार्ड त्यानेच काढला. आम्ही त्याला विचारले, "गार्ड तू काढलास का?" तो म्हणाला, "साहेब, गार्ड म्हंजे काय?"

प्रकरण तडजोडीत मिटले. किती रुपयांत मिटले ते लिहायची आम्हाला लाज वाटते. पण त्याचा तो प्रश्न काही मिटला नाही.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, असली मशीनच नको, हातात घेऊच नका. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाची झडती घेताना यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून थोडी फुरसत द्यायची असेल तर यंत्राला पर्याय नाही. वाईट आहे ती त्या यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणारी समाजव्यवस्था, हे त्यांचे म्हणणे. दिवसभर कुऱ्हाड घालून जेवढे लाकूड निघत नव्हते तेवढे कटर तासाभरात काढते. वाचलेला वेळ आणि शाबूत राहिलेली कंबर आमच्या पोरांना मिळालीच पाहिजे. म्हणून यंत्र नाकारायचे नाही, ते पुरते ओळखायचे.

ओळखायचे म्हणजे काय? कटरची साखळी सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने पळते. काही चुकले असे मेंदूला कळेपर्यंत काम झालेले असते. सर्वांत घातक आहे तो उलटा झटका. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला, दगडाला किंवा खोडात आत कुठे टेकला की साखळीचे दात अडकतात आणि अख्खी पट्टी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे उसळते. ताकद लावून तो झटका थांबवता येत नाही. त्यासाठीच पुढच्या मुठीसमोर एक आडवा गार्ड असतो. झटक्यात मनगट त्यावर आदळले की साखळीचा ब्रेक लागतो. तो 'मध्ये येतो' म्हणून काढून टाकणारे महाभाग गावोगाव आहेत. त्या तरुणाच्या हातात आले तेव्हा त्या मशीनवर तो नव्हताच. काही स्वस्त यंत्रांत तो नुसता प्लास्टिकचा आडोसा असतो, ब्रेक नसतोच. काम हातात घेण्यापूर्वी साखळी फिरवून, गार्ड पुढे ढकलून ती जागच्या जागी थांबते का हे बघायला दहा सेकंदही लागत नाहीत. थांबली नाही तर ते यंत्र मालकाला परत द्यावे, रोज बुडाला तरी चालेल.

दोन्ही हात यंत्रावरच हवेत. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून वळवून घेतलेला. फांदी धरायला दुसरा माणूसही नको. फांदी घोडीवर किंवा ओंडक्यावर टेकवावी. पट्टीच्या रेषेत उभे न राहता जरा डावीकडे सरकून उभे राहावे, म्हणजे पट्टी उसळली तरी डोक्यावर येत नाही. खांद्याच्या वर कटर उचलायचे नाही. शिडीवर चढून, फांदीवर पाय अडकवून एका हाताने कापणारा बघितला की लोक त्याला शाबासकी देतात. आम्हाला त्याच्या घरची माणसे दिसतात. खटका सतत दाबून बोट दुखते म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणारेही आम्ही पाहिले. खटका सोडला की यंत्र बंद, हा त्या यंत्राने माणसाला दिलेला एकमेव शब्द आहे. तोही आपण बांधून टाकतो. आणि ग्राइंडरला साखळीची चकती जोडून बनवलेले जुगाड तर हातात घेऊच नये. त्याला ना ब्रेक, ना धड मूठ.

विजेच्या कटरचा आणखी एक दगा आहे. पेट्रोलचे यंत्र उभे असतानाही गुरगुरते, त्यामुळे ते जिवंत आहे हे कळते. विजेचे अगदी गप्प असते. साखळी सैल झाली, भुसा अडकला, की माणूस सरळ बोट घालतो आणि नेमका खटका दाबला जातो. साखळी घट्ट करणे असो, तेल घालणे असो, आधी प्लग काढायचा, बॅटरीचे असेल तर बॅटरी काढायची. साखळीला धार नसेल तर भुशाऐवजी नुसती धूळ पडते आणि माणूस जोर लावायला लागतो. जोर लावावा लागला की थांबावे, धार लावावी.

वायरचे तर विचारूच नका. शेतात बोर्ड नसतो. मोटारीच्या पेटीतून एक फेज ओढायची, जुन्या वायरीला चार ठिकाणी जोड, जोडाला चिकटपट्टी, आणि ती वायर केळीच्या ओल्या सरीतून ओढत न्यायची. कृषिपंपाची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे अंधारात टॉर्च लावूनही कापाकापी चालते. अशाने बोटे वाचली तरी जीव वाचेल याची खात्री नाही. वायर अखंड आणि जाड हवी, लांब न्यायची तर अडीच एमएमची. ती नेहमी पाठीमागे, खांद्यावरून सोडलेली असावी, साखळीसमोर कधीच नाही. आणि पेटीपाशी तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी असावा; वीज अंगातून जायला लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. ज्याने हजारो रुपयांचे कटर घेतले त्याला हा ईएलसीबी जड जाऊ नये. पावसात, दवात, ओल्या जमिनीवर विजेचे कटर चालवायचे नाही.

उभे झाड पाडणे हे नवख्याचे काम नव्हे. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी खाच, मग मागून काप, आणि मध्ये लाकडाची पट्टी न कापता शिल्लक. तीच झाडाला बिजागरीसारखी वळवते. मागे तिरकी पळवाट आधीच साफ केलेली हवी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कुणी नको, विशेषतः लाकडे वेचायला आलेल्या बायाबापड्या आणि लेकरे. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, पायात बूट, अंगाबरोबर कपडे. आणि हो, गळ्यातला निळा गमछा काम करताना काढून ठेवा. साखळीला त्याचा रंग कळत नाही.

आता कायद्याचे. ज्या कायद्याखाली तो तरुण आमच्याकडे आला तो १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा. त्यात मजुरीच्या व्याख्येत पैशात मोजता येईल असा लाभही येतो. म्हणजे अर्धे लाकूड हीसुद्धा मजुरीच, असा आमचा दावा होता. 'नैमित्तिक कामगार' म्हणून माणसाला बाहेर ठेवणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने त्या कायद्यातून काढले गेले. एका हाताची तीन बोटे गेली तर कमाईची क्षमता तीस टक्के घटली असे परिशिष्ट म्हणते. पंचवीस वर्षांच्या माणसाचा गुणक २१६.९१. महिना दहा हजार मजुरी धरली तर तिचे साठ टक्के गुणिले हा गुणक, आणि त्याचे तीस टक्के: ३,९०,४३८ रुपये. तडजोडीला बसणाऱ्या प्रत्येक घराला हा आकडा पाठ असायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदींची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. भरपाईचा सांगाडा तिने बहुतांशी तोच ठेवला आहे.

पण याच कायद्यात एक चोरवाट आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि कामगाराने सुरक्षेसाठी दिलेले साधन, ते आहे हे माहीत असून, जाणूनबुजून काढले किंवा डावलले असेल, तर मालक सुटतो. दारू पिऊन काम केले असेल तरी तेच. बोटे गेलेला माणूस नेमका याच फटीत सापडतो. म्हणून गार्ड नसलेले कटर हातात दिले तर आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढावा, दोन माणसांदेखत मालकाला सांगावे. शिकवले की आमच्या पोरांवर जबाबदारीही येते, 'गार्ड म्हंजे काय' म्हणायची सोय राहत नाही, हे आम्हाला कळते. तरीही शिकवलेच पाहिजे, कारण अज्ञानाने खटला वाचेल, बोट वाचत नाही.

दवाखान्यातही सावध राहावे. जखमीला घेऊन बहुधा मालकच येतो, गाडीभाडे तोच देतो आणि डॉक्टरांना हकीकतही तोच सांगतो: घरी पडला, विळा लागला. एमएलसीच्या कागदावर ते एकदा लिहिले गेले की पुढे वकिलाने कितीही आटापिटा केला तरी ते पुसत नाही. आपला एक माणूस सोबत हवाच. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवून नांदेड गाठावे. बोट थेट बर्फात टाकू नये.

सरकारचे म्हणाल तर शेतात अपघात झालेल्या शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. पण ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील व्यक्तीला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण दुसऱ्याच्या बांधावर ज्याचा हात तुटतो, त्याने कुठे जायचे? मजुराचा हात सातबाऱ्यावर नोंदला जात नाही.

आमची मागणी अगदी साधी आहे. मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला. शेतीत व ग्रामीण भागात वापरली जाणारी इतर यंत्रेही अधिसूचनेने त्यात घेण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. साखळी करवत त्यात घ्या. ब्रेकशिवाय विकू नका. पुस्तिका मराठीत द्या. फिलिपिन्सने २००२ साली या करवतीसाठी स्वतंत्र कायदा करून तिची नोंदणी सक्तीची केली. अर्थात तो जंगल वाचवायला. आपल्याकडेही झाड तोडण्यावर १९६४ पासून कायदा आहे, आणि तो हवाच. तोडणाऱ्याच्या हातासाठीही काहीतरी असावे, इतकेच.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. येत्या पौर्णिमेपासून अर्धापूर परिसरातील विहारांत वंदनेनंतर एक तास आम्ही कटर मधोमध ठेवून बसणार आहोत, प्लग काढून. तीन बोटे गेलेल्या त्या तरुणाने शिकवायला येण्याचे कबूल केले आहे. सुरुवात गार्डपासून होईल. कटर चालवणाऱ्यांनी आपापले यंत्र सोबत आणावे. गार्ड निघालेले असेल तर ते आधी आणावे.