झेपेल तेवढंच?

"देव झेपेल तेवढंच दुःख देतो" हे वाक्य आपण आता बंद करू या. बायबलमध्ये ते नाही. ज्या वचनावरून ते आलं, ते 1 करिंथ 10:13. तिथे संत पौल हव्यास, व्यभिचार, कुरकुर अशा मोहांबद्दल लिहितो आणि देव त्यातून निभावण्याचा मार्गही देतो, असं सांगतो. दुःखाचं वजन तो मोजत नाही. उलट, आशियात आपल्यावर शक्तीपलीकडचा भार आला, हे तोच 2 करिंथ 1:8 मध्ये कबूल करतो.

बेळगावात उद्यमबागेतलं काम सुटलेल्या एका भावाला मी हेच वाक्य ऐकवलं. दारू सोडून त्याला तीन महिने झाले होते. प्रार्थना केली, चहा घेतला, निघालो. त्याच संध्याकाळी तो गुत्त्यावर होता. चूक त्याची होतीच. पण माझी नव्हती?

येशूला भाकरीचा मोह झाला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर. मोह नेमका उणिवेच्या जागी येतो. येशूनं वचनानं त्याला परतवलं. तरी गेथशेमानीत त्यानंही शिष्यांना जागं राहायला सांगितलं. ते झोपले. आपण वचन ऐकवून झोपतो.

पौलाच्या ग्रीक वाक्यात 'तुम्ही' अनेकवचनी आहे. पत्र सगळ्या मंडळीला आहे. निभावाचा तो मार्ग कधी कधी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसलेला असतो. या आठवड्यात एकाला तरी विचारा, "दिवसातली तुझी अवघड वेळ कोणती?" आणि त्या वेळी त्याच्या दारात जा. आमेन.