पिलाताचे पाणी



दर रविवारी आपण युद्धात होरपळणाऱ्या देशांसाठी प्रार्थना करतो. पण तिथे पोहोचणाऱ्या शस्त्रांपैकी काही आपल्याच देशातून जातात का, असे आपण कधी विचारतो का?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. सुरतेजवळ हजिऱ्याला ‘के-९ वज्र’ तोफा तयार होतात. त्या आपल्या सैन्यासाठी आहेत आणि तिथे घाम गाळणाऱ्यांशी माझे भांडण नाही. माझे भांडण परदेशी विकल्या जाणाऱ्या शस्त्रांबद्दलच्या मौनाशी आहे. २०१३-१४ मध्ये ही निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. या निर्यातीला परवानगी सरकारी खाते देते, संसदेची संमती लागत नाही. अमेरिकेत मोठ्या विक्रीची सूचना निदान तिथल्या संसदेला आधी द्यावी लागते.

इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा, अशी मागणी घेऊन काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ सप्टेंबर २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली. परराष्ट्र धोरण हा न्यायालयाचा प्रांत नाही, असे उत्तर मिळाले. ठीक आहे. मग तो संसदेचा प्रांत आहे ना? तिथेही कोणी विचारणार नसेल, तर आपण सगळेच पिलातासारखे पाणी मागवून हात धुतो आहोत. त्याचे हात स्वच्छ झाले, पण क्रूस टळला नाही.

ड्रोनमुळे तर मारणारा शेकडो मैल दूर बसतो. यंत्राने माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कधीही घेऊ नये, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये जी-७ राष्ट्रांच्या नेत्यांना तोंडावर सांगितले. भाऊ कुठे आहे, हा देवाचा प्रश्न काईनाला टाळता आला नाही. अंतर वाढले म्हणून तो आपल्यालाही टळणार नाही.

कोणी म्हणेल, देशाची गुपिते चव्हाट्यावर आणायची का? मुळीच नाही. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती बंद दाराआडच बसते. शस्त्रे कोणाला विकली, कोणत्या अटीवर, आणि नंतर ती कोणावर चालली, एवढे तिला आधी आणि नंतर कळलेच पाहिजे.

२०२४ मध्ये सुरतेचा खासदार बिनविरोध निवडून आला, आपल्याला मत देण्याची वेळच आली नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या खासदाराला हा प्रश्न लिहून पाठवावा. रविवारची प्रार्थना मग अधिक खरी होईल.