बोअरचं पाणी : आधी तपासणी, मग मशीन

मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरातल्या मोहल्ल्यात जा, पाण्याचं गणित सारखंच दिसतं. नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. मधल्या दिवसांत धुणी-भांडी, आंघोळ, वापर सगळं बोअरवर. पिण्यासाठी वीस लिटरचा जार, आणि ज्यांना जार परवडत नाही ते पितातही बोअरचंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिलं. त्यानंतर पाणी किती मिळतं यावर खूप बोललं गेलं. पाणी कसं आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालाने तोच प्रश्न पुढे आणला. देशभरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे दर तीन नमुन्यांमागे एक. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात त्यात कसलीही सूट नाही.

नायट्रेट येतं कुठून? शेतातल्या युरियातून, गोठ्याच्या उकिरड्यातून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातून. दाट वस्तीत जिथे दहा बाय वीसच्या जागेत घर, संडास आणि बोअर एकमेकांना चिकटून असतात, तिथे हे तिसरं कारण सगळ्यात जवळचं. बोअर आणि शोषखड्डा यांत किमान ५० फूट अंतर असावं म्हणतात. आपल्या गल्लीत ते किती घरांत सापडेल?

धोका सगळ्यात जास्त तान्ह्या बाळाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि अंग निळसर पडू लागतं. इथेच एक मोठी गैरसमजूत आहे : "बाळाचं पाणी आम्ही उकळूनच देतो." उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, हा डॉक्टरांचा सल्ला बोअरच्या घरात तर तंतोतंत पाळायला हवा.

मशीन विकणाऱ्याची जादू

पाण्याची भीती वाढली की आरओवाले दारात येतात. त्यांचा एक खेळ अनेकांनी पाहिला असेल. दोन ग्लास ठेवतात, एकात आपल्या घरचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतात. मिनिटभरात घरचं पाणी तपकिरी, गढूळ होतं. आई-आजी घाबरतात आणि हप्त्यावर मशीन येतं.

खरी गोष्ट अशी की तो रंग बहुतेक त्या लोखंडी कांडीचाच असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि पाणी रंगतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. चिमूटभर मीठ त्यात टाका, तेही रंगेल. या खेळातून जंतू कळत नाहीत, नायट्रेट नाही आणि फ्लोराईडही नाही.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो एकूण विरघळलेले क्षार सांगतो, बस्स. मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. पण टीडीएस ३०० असलेल्या पाण्यात मैल्याचे जंतू असू शकतात आणि ९०० असलेलं पाणी नुसतं जड असू शकतं.

आरओ वाईट आहे असं नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा नायट्रेट, फ्लोराईड जास्त असलेल्या ठिकाणी ते खरंच कामाचं आहे. पण जिथे दोष फक्त जंतूंचा आहे, तिथे पंधरा हजारांचं मशीन लावून प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणं हा इस्राफच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं, त्यामागे हेच कारण होतं. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी त्याचं वाया जाणारं पाणी फरशी आणि संडासासाठी वापरावं. खारट असेल तर कुंड्यांना घालू नये.

पुण्याने दिलेला धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हात-पाय लुळे पडणाऱ्या या आजाराआधी अनेकांना जुलाब झाले होते. संशय पाण्यावर गेला. तपासणीत खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुनेही दूषित निघाले आणि महापालिकेने अनेक प्रकल्पांना टाळं लावलं.

शुद्ध म्हणून विकत घेतलेलं पाणी दूषित कसं? आरओच्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. मग टाकी अस्वच्छ, जार नीट न धुतलेला किंवा तोटीला हात लागलेला असला की जंतू पुन्हा शिरतात आणि त्यांना अडवणारं काही नसतं. म्हणून जारवर आयएसआयचा शिक्का आहे का, जार कसा धुतात, हे विचारायला लाजू नका.

दोष ओळखा, मग इलाज करा

जंतू असतील तर : सगळ्यात स्वस्त इलाज क्लोरिन. हजार लिटरच्या टाकीला चांगल्या ब्लीचिंग पावडरचे साधारण अडीच ग्रॅम पुरतात. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि किमान अर्धा तास थांबा. पाकीट उघडं राहिलं तर पावडरची ताकद जाते. पिण्यापुरतं पाणी असेल तर मेडिक्लोर किंवा खळखळून एक मिनिट उकळणं पुरे. यूव्हीचा फिल्टरही जंतू मारतो, पण पाणी गढूळ असेल तर त्याचा उपयोग नाही.

गढूळ असेल तर : तुरटी फिरवा, निवळू द्या, मग गाळा. तुरटीने गाळ बसतो, जंतूंचा भरवसा नाही. त्यानंतर क्लोरिन हवंच.

लोह असेल तर : पाणी भरताना स्वच्छ आणि तासाभरात तांबूस होतं. उंचावरून धार सोडून हवा लागू द्या, रात्रभर ठेवा, सकाळी वाळूच्या फिल्टरमधून गाळा.

जड पाणी असेल तर : साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर. त्रास होतो, पण घाबरण्यासारखं नाही. सॉफ्टनर धुण्यासाठी ठीक. त्यात मिठाचा वापर होतो, म्हणून बीपीच्या रुग्णाने ते पाणी पिऊ नये.

फ्लोराईड किंवा नायट्रेट असेल तर : उकळणं, तुरटी फिरवणं, क्लोरिन यांपैकी काहीही चालत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराईडने मुलांच्या दातांवर डाग पडले, मोठ्यांची हाडं दुखू लागली. इथे आरओ किंवा दुसरा स्रोत हाच मार्ग. तोही फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, म्हणजे लहान मशीन पुरतं.

तपासणी कुठे?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत थोड्या शुल्कात पाणी तपासून मिळतं. नमुना घेण्याआधी मोटार पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या आणि त्याच दिवशी पोहोचवा. टीडीएस, जडपणा, नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू, एवढं तरी मागा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. बोअरच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा आणि झाकण असेल, तर निम्मा त्रास तिथेच टळतो.

एका घराला हे जमलं नाही, तरी गल्लीला जमेल. सुरुवात मशिदीच्या आणि मदरशाच्या बोअरपासून व्हावी. तिथलं पाणी मुलं पितात, रमजानमध्ये शेकडो लोक त्यावर इफ्तार करतात. पाणी वजूला पाक असणं वेगळं आणि पिण्यालायक असणं वेगळं. समुद्राचं खारं पाणी वजूला चालतं, म्हणून ते कोणी पीत नाही. सवाबे जारियाच्या नियतीने बोअर मारून देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी त्याच खर्चात तपासणीचे पैसेही बाजूला ठेवावेत.

पण सगळा भार घरावर टाकून पालिकेला मोकळं सोडता येणार नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं म्हणून लोक बोअरवर गेले, आणि गटारं-शोषखड्ड्यांची सोय नाही म्हणून बोअर खराब झाले. ही दोन्ही कामं पालिकेची. वॉर्डातल्या प्रत्येक सार्वजनिक बोअर आणि हातपंपाची तपासणी व्हावी, तिचा निकाल तिथेच फलकावर लावावा, एवढी मागणी तरी नगरसेवकापुढे लेखी ठेवा. मागताना स्वतःच्या बोअरचा तपासणी कागद हातात असू द्या. तक्रार टाळता येते, कागद टाळणं अवघड जातं.