पोत्याचं बळ आणि बाकावरचं बळ

आदिलाबादच्या बाजारात ५० किलोचं सिमेंटचं पोतं पाठीवरून सहज नेणारा गडी जिममध्ये बाकावर उताणा झोपून तेवढंच वजन छातीवरून उचलताना थरथरतो. रोज येणारी पोरं हसतात. हसू नये. पोतं पाय आणि पाठ पेलतात. बेंच प्रेसला छाती, खांदे आणि दंडामागचे स्नायू लागतात. पोरांचा त्यात सराव असतो, गड्याचा नसतो. तालमीतला जोर त्याच जातीचा: ६० किलोच्या माणसाच्या हातांवर सुमारे ४० किलो भार येतो. म्हणून आधी घरी जोर काढा, मग २० किलोचा नुसता दांडा घ्या. वजन वाढवताना उशाशी जाणता माणूस हवाच. दांडा गळ्यावर आला तर एकट्याच्या जिवावर बेततं.